उसना पंखा

सरुबाईचं नाव निघालं की आमच्या गावातले लोक आधी तिच्या तोंडाबद्दल बोलतात. तोंड होतंच तसं. माहेर उर्स्याचं. नवरा खंडाळ्याच्या घाटात रेल्वेच्या गँगवर कामाला. तो सुट्टीला यायचा, जेवायचा, झोपायचा आणि परत जायचा. लेकी लग्न होऊन गेलेल्या. त्यामुळे शेती, गुरं आणि भांडणं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं, आणि तिन्हींपैकी कशातही तिनं हयगय केली नाही.

अंगानं उंच, हाडकुळी, पदर कमरेला करकचून खोवलेला. बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची, आणि ते पुष्कळांना सोसायचं नाही.

तिला यंत्रातलं थोडंफार कळायचं. वडगावला तिच्या भावाची पिठाची गिरणी होती. भाऊ विषमज्वरानं अंथरुणाला खिळला, तेव्हा एक सबंध पावसाळा तिनं ती गिरणी चालवली. पट्टा चढवणं, बेअरिंगला तेल देणं, जात्याच्या दगडांना टाकी लावून घेणं, सगळं ती करायची. गिऱ्हाइकांशी भांडायची तेही तिथूनच सुरू झालं असं तिची भावजय म्हणायची.

ही गोष्ट सदुसष्ट सालची. दिवाळी होऊन गेली होती. आमचं गाव कामशेतच्या वर, इंद्रायणीच्या काठाला. सगळी भातशेती. सरुबाईच्या वावराला लागून महिपतीचं वावर. दोघांमध्ये बोलणं बंद होतं. महिपती दर साली नांगर फिरवताना बांध थोडा कोरायचा. सरुबाईनं तोंडानं सांगून बघितलं, मग तालुक्याला जाऊन मोजणी आणली. मोजणीदारानं बांधावर दगड रोवले. पुढच्या पावसाळ्यात ते दगड नदीत गेले. सरुबाई कमरेइतक्या पाण्यात उतरली, दगड शोधून काढले, डोक्यावरून आणले आणि होते तिथं परत रोवले. महिपती आपल्या वावरातून हे बघत उभा होता. तेव्हापासून दोन्ही घरांनी एकमेकांचं तोंड बघणं सोडलं.

मात्र खळं दोघांचं एकच होतं. वाडवडिलांपासून चालत आलेलं. आधी महिपतीचं भात झोडायचं आणि उफणायचं, मग सरुबाईचं, असा पाळीचा रिवाज होता. त्या वर्षी महिपतीचं भात झोडून झालं, खळ्यावर मोठी रास पडली, आणि त्याच दिवशी तो पेंढ्याच्या उडवीवरून खाली आला. मांडीचं हाड मोडलं. हाडवैद्यानं फळ्या बांधल्या आणि पाय हलवायचा नाही म्हणून ताकीद दिली.

रास तशीच राहिली. घरात त्याची बायको धोंडाबाई एकटी. उफणायचं तर वारा पाहिजे. तिवईवर उभं राहून सुपातून भात सोडायचं, वाऱ्यानं भुसा आणि पोचट दाणे उडून जायचे आणि भरलेला दाणा खाली पडायचा. पण वारा पडला होता. आभाळ कोंदलेलं. राजमाचीच्या अंगाला काळे ढग बसले होते आणि ते हलत नव्हते. अवेळी पाऊस येणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

सरुबाईचं भात कापून भारे बांधून वावरात पडलेलं. खळं मोकळं झाल्याशिवाय तिला काही करता येत नव्हतं. एक सकाळ तिनं वाट बघितली. धोंडाबाई तिवईवर उभी राहायची, सूप हलवायची, भुसा आणि दाणे एकत्रच खाली पडायचे, आणि ती पुन्हा भरायची. शेवटी सरुबाई खळ्यावर गेली आणि म्हणाली, "असं केलंस तर शिमग्यापर्यंत बसशील. दत्तोबाचा पंखा आणते."

धोंडाबाईनं सूप खाली ठेवून नवऱ्याकडे बघितलं. महिपतीला बाजेवर घालून खळ्याच्या कडेला आंब्याखाली आणून ठेवलं होतं. तो म्हणाला, "आमच्यासाठी कुणी उपकार कराय नकोत."

"तुमच्यासाठी कोण करतंय," सरुबाई म्हणाली. "मला खळं पाहिजे."

दत्तोबा गावातला मोठा खातेदार. उफणायचा पंखा सगळ्या गावात त्याच्याकडेच होता, पुण्याहून आणलेला. लाकडी घोडा, त्यावर पत्र्याची चार पाती, बाजूला हँडल. हँडल फिरवलं की मोठं दातेरी चाक लहान चाकाला फिरवायचं आणि पाती भणाणत वारा सोडायची. महिपतीनं पंचायतीच्या निवडणुकीत दत्तोबाच्या विरुद्ध मत दिलेलं, त्यामुळे त्याला पंखा मिळणं शक्य नव्हतं. सरुबाईशीही दत्तोबाचं बरं नव्हतं. नदीकडे तिची एक लांबट पट्टी होती. तिच्यातून आपली बैलगाडी नदीवर न्यायला वाट मिळावी म्हणून तो दोन-तीन वर्षं मागे लागला होता, आणि तिनं त्याला दर वेळी उंबऱ्यातूनच परत पाठवलं होतं.

म्हणून ती त्याच्या ओट्यासमोर जाऊन उभी राहिली तेव्हा तिथं बसलेल्या माणसांना वाटलं, आता वादावादी होणार. पण दत्तोबा लगेच हो म्हणाला. एवढंच म्हणाला, "ने पंखा. पण चालता नेतीयेस, चालताच आणायचा. मोडला तर नवा आणून माझ्या दारात उभा करायचा. कबूल?"

"कबूल," सरुबाई म्हणाली.

"ऐकलं ना सगळ्यांनी?" दत्तोबानं ओट्यावरच्या माणसांना विचारलं. त्यांनी माना हलवल्या. त्याचा गडी सावळा, वरच्या ठाकरवाडीतला, त्यानं पंखा सरुबाईच्या बैलगाडीत चढवून दिला. चढवताना तो काहीतरी बोलेल असं सरुबाईला वाटलं, पण तो बैलांच्या पाठीवर हात फिरवून बाजूला झाला.

पंखा खळ्यावर आला. सरुबाईनं हँडल धरलं, धोंडाबाईनं पाटीतून भात सोडायला सुरुवात केली. वारा चांगला येत होता. भुसा लांब आंब्याच्या बुंध्यापर्यंत जाऊन पडू लागला आणि पायाशी पिवळ्याधमक दाण्यांची ओळ धरली. महिपतीनं भुसा तोंडावर येतो म्हणून कुरकुर केली. बाज हलवायला कुणाला सवड नव्हती.

काही पाट्या झाल्या असतील नसतील, आणि हँडल एकदम हलकं झालं. सरुबाई फिरवत होती आणि पाती मात्र थांबत थांबत उभी राहिली.

"मोडलास," महिपती बाजेवरून म्हणाला. "मला ठाऊकच हुतं. मुद्दाम मोडलास."

सरुबाईनं त्याच्याकडे बघितलं नाही. ती पंख्याभोवती एकदा फिरली. पात्यांच्या दांड्याला जिथं बेअरिंग होतं तिथं पेंढ्याच्या काड्या गुंडाळल्या होत्या. पाटीतून भाताबरोबर काड्याही येत होत्या, त्या ओढल्या गेल्या असणार. तिनं विळ्याच्या टोकानं एकेक काडी कापून बाहेर ओढली आणि घरून गोडं तेल आणून बेअरिंगमध्ये सोडलं. हँडल फिरवलं. पाती फिरली. धोंडाबाईनं पाटी उचलली. दुसरी पाटी संपायच्या आत पाती पुन्हा उभी.

मग तिनं मोठ्या चाकावर संशय घेतला. हँडलचा बोल्ट ढिला असेल म्हणून तो पान्यानं आवळला. पाना महिपतीचाच, गाडीच्या कण्याचा, आणि तो वापरला म्हणून त्याची शिवी खावी लागली. बोल्ट आवळून काही झालं नाही. उलट हँडल आता फिरायलाही जड झालं. तिला तो पुन्हा सैल करावा लागला. महिपती हसला. म्हणाला, गिरणीवाली बाई म्हणवून घेते आणि पंखा कळत नाही. सरुबाई चिडली. तिनं विळा जमिनीत रोवला, खाली बसली, आणि काही वेळ नुसती त्या पंख्याकडे बघत राहिली. गिरणीत भावानं एकच गोष्ट शिकवली होती: कुठपर्यंत फिरतंय ते बघायचं, आणि कुठून फिरत नाही ते बघायचं.

चाकांवर पत्र्याचं झाकण होतं. तिनं ते उघडलं. आत ग्रीस ठासून भरलं होतं, नवंकोरं, पिवळं. बाकी पंखा इतका जुना आणि ग्रीस इतकं नवं, हे तिला खटकलं. तिनं धोंडाबाईला जवळ बोलावलं आणि हँडल हळू फिरवायला सांगितलं. स्वतः चिंधीनं ग्रीस पुसत वाकून बघू लागली. मोठं चाक फिरत होतं. लहान चाकही फिरत होतं. दात सगळे शाबूत. पण लहान चाक ज्या दांड्यावर बसवलं होतं, तो दांडा उभाच. चाक त्याच्यावर मोकळं फिरत होतं.

म्हणजे चावी गेली होती. चाक आणि दांडा यांच्यात खाच असते, त्या खाचेत लोखंडाची एक पट्टी ठोकतात, म्हणजे दोघं एकत्र फिरतात. तिला गिरणीत चावी म्हणायचे. सरुबाईनं खाचेत बोट घातलं. बोटाला ग्रीस लागलं आणि ग्रीसमध्ये काड्या. तिनं त्या तळहातावर घेतल्या. बांबूचे तुकडे होते, चेंगरलेले, तुटलेले.

"ह्यात लोखंड नव्हतंच," ती धोंडाबाईला म्हणाली. "बांबू ठोकून दिलाय. आणि दिसू नये म्हणून वर ग्रीस चोपडलंय."

धोंडाबाईनं ते तुकडे बघितले. तिच्या तोंडचं पाणी पळालं. नव्या पंख्याची अट तिच्याही कानावर आली होती.

सरुबाई घरी गेली. एक जुना विळा होता, पातं झिजलेला. तिनं त्याची लाकडी मूठ ठोकून काढली, आत गेलेली लोखंडी शेपटी दगडावर धरून दुसऱ्या दगडानं तोडली आणि उंबऱ्याच्या दगडावर घासत बसली. खाचेत बसेल इतकी पातळ करायला बराच वेळ गेला.

इकडे खळ्यावर महिपतीनं वाटेनं जाणाऱ्या एका गड्याला हाक मारली आणि दत्तोबाला निरोप धाडला, की तुमचा पंखा सरूनं मोडलाय, येऊन बघा. आमचा त्यात हात नाही. धोंडाबाईनं हे ऐकलं. नवऱ्याला म्हणाली, खोटं का सांगता, तुमच्यासमोर तिनं आतून बांबू काढला. महिपती म्हणाला, दत्तोबा आपल्या दाराशी येण्यापेक्षा तिच्या दाराशी जाऊ दे.

सरुबाई परत आली, पट्टी खाचेत बसवली, दगडानं ठोकून पक्की केली आणि हँडल फिरवलं. पाती पहिल्यापेक्षाही जोरात फिरू लागली. दोघी पुन्हा कामाला लागल्या. आळीपाळीनं हँडल आणि पाटी. धोंडाबाईला निरोपाचं सांगायचं होतं, पण नवरा बाजेवरून बघत होता, आणि ती खाली मान घालून भात सोडत राहिली. ढग आता राजमाचीवरून निघून अलीकडे सरकले होते. अर्धी रास उफणून झाली तेव्हा दत्तोबा आला. बरोबर ओट्यावरची तीच माणसं, आणि मागे सावळा.

पंखा फिरत होता. दत्तोबाची त्यामुळे जरा पंचाईत झाली. पण त्यानं हात वर करून पंखा थांबवायला लावला आणि झाकण उघडं बघून म्हणाला, "खोलून टाकलास माझा पंखा. हे लोखंड कसलं ठोकलंस आत?"

"माझ्या विळ्याचं हाय," सरुबाई म्हणाली. "तुमचं जे हुतं ते हे बघा." तिनं पदराच्या गाठीतून बांबूचे तुकडे काढून त्याच्यासमोर धरले.

दत्तोबानं त्याकडे बघितलंही नाही. तो लोकांकडे वळून बोलला. पंखा दिला तेव्हा बिनघोर चालत होता, हिनं आडदांडपणानं फिरवून मोडला, आता कुठला तरी कचरा दाखवतेय. कबुली सगळ्यांसमोर झालेली आहे. नवा पंखा तरी आण, नाहीतर नदीकडच्या पट्टीतून गाडीवाट दे. मी पंख्याचं नाव परत काढणार नाही.

वाटेचं नाव निघालं आणि सरुबाईला सगळं उमगलं. तिनं तुकडे पुन्हा मुठीत घेतले. मग महिपतीकडे वळली. इतक्या वर्षांत तिनं त्याला नावानं हाक मारली नव्हती.

"महिपतीभाऊ, तुमी समोर हुता. झाकण उघडलं तवा आतनं काय निघालं ते सांगा."

सगळे बाजेकडे बघू लागले. महिपतीनं पांघरूण छातीपर्यंत ओढलं. म्हणाला, "मला हितनं काय दिसलं न्हाई."

"मला दिसलं," धोंडाबाई म्हणाली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू गेला. "मी हँडल धरलं हुतं. बांबू निघाला. आणि आमच्या ह्यांनीबी बघितलं."

महिपती तिच्यावर ओरडला. दत्तोबा म्हणाला, बायकांनी बायकांची बाजू घ्यायची हे चालायचंच. मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं सावळाला पुढे बोलावलं. गाडीत तूच चढवलास ना, पंखा चांगला होता की नव्हता, सांग सगळ्यांना.

सावळा पुढे आला. त्यानं पंख्याकडे बघितलं, मग सरुबाईच्या हातातल्या तुकड्यांकडे. म्हणाला, "मालक, मी काय सांगू." आणि मान खाली घातली.

दत्तोबानं पुन्हा विचारलं. सावळानं मान वर केली नाही. ओट्यावरच्या माणसांपैकी एकजण खाकरला आणि दुसरीकडे बघू लागला. बांबू कुणी ठोकला आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे कुणी बोललं नाही, पण न कळलेला तिथं कुणी उरला नव्हता.

दत्तोबा तरी मागे हटला नाही. तो म्हणाला, गावकी बसवतो, वडगावला तालुक्याच्या कोर्टात जातो, पण पंखा नवा घेईन.

तेव्हा सरुबाईनं दगड उचलला. लोक मागे सरले. ती पंख्यापाशी बसली, उलट बाजूनं एक खिळा लावून ठोकला, आणि आपल्या विळ्याची पट्टी खाचेतून काढून घेतली. मग हातातला बांबूचा त्यातल्या त्यात मोठा तुकडा त्या खाचेत दाबला आणि झाकण लावलं.

"जसा दिला तसा परत केला," ती म्हणाली. "घेऊन जावा. गावकी बसवा न्हाईतर कोर्टात जावा, मी येते. वाट मिळायची न्हाई."

पंखा परत न्यायला दत्तोबानं गाडी-बैल बरोबर आणले नव्हते. सावळानं आणि दोघांनी तो उचलून खांद्यावर घेतला. चालताना पाती आपोआप डुलत होती. दत्तोबा पुढे चालत होता आणि मागे वळून शिव्या देत होता.

खळ्यावर अर्धी रास राहिली. महिपतीच्या ते उशिरा ध्यानात आलं. तो बाजेवर अर्धा उठून बसला आणि पायाच्या कळेनं परत पडला. "माझं भात," तो म्हणाला. "ती पट्टी ठेवायची हुतीस. काम झाल्यावर काढली असतीस तर काय झालं असतं?"

"तुमाला हितनं दिसत न्हाई ना," सरुबाई म्हणाली. "मग भाताचं काय हुतंय तेबी दिसायचं न्हाई." आणि ती घरी निघून गेली.

संध्याकाळ व्हायच्या आत पाऊस आला. उफणलेलं भात धोंडाबाईनं कसंबसं घरात नेलं. उरलेल्या राशीवर तिनं पेंढा टाकला. घोंगडी टाकली, स्वतःची दोन लुगडीही टाकली. त्या वेळी सरुबाई आली होती की नाही यावर गावात दोन मतं आहेत. काहीजण म्हणतात आली होती; बाकीचे सांगतात, ती पावसात आपल्या दारात उभी होती आणि तिनं पाय उचलला नाही. धोंडाबाई स्वतः याबद्दल काही बोलली नाही. पाऊस दोन दिवस लागून राहिला. राशीच्या तळच्या भाताला कोंब फुटले. ते गुरांना घालावं लागलं. सरुबाईचे भारेही वावरात भिजले. तिचा त्या साली महिपतीपेक्षा जास्त दाणा गेला, पण तिनं ते कुणाला सांगितलं नाही.

दत्तोबानं गावकी बोलावली. ओट्यावरच्या माणसांना अचानक कामं निघाली, आणि गावकी बसली नाही. तालुक्यालाही तो गेला नाही. पंखा त्यानं दुरुस्त करून घेतला, पण पुढे कुणाला दिला नाही. तो माळ्यावर पडला आणि तिथंच गंजला. सरुबाईच्या बाबतीत मात्र त्यानं वर्षानुवर्षं खार खाल्ला. तिच्या नवऱ्याची बदली होऊन तो कर्जतच्या बाजूला गेला तेव्हा, ते आपणच वजन लावून घडवलं असं दत्तोबा सांगत फिरायचा. रेल्वेत त्याचं वजन काही नव्हतं. पण सरुबाईला चिडवायला तेवढं पुरे होतं. सावळाला त्यानं दुसऱ्याच दिवशी कामावरून काढलं. सावळा पुढे लोणावळ्याला एका बंगल्यावर माळीकामाला लागला आणि गावाकडे फारसा आला नाही. एकदा बाजारात सरुबाई भेटली तेव्हा तिनं त्याला विचारलं, तेव्हा नीट का बोलला नाहीस. तो म्हणाला, जेवढं जमलं तेवढं बोललो.

महिपतीनं आपल्या भाताचं नुकसान सरुबाईच्या नावावर लावलं ते मरेपर्यंत. बायको परक्या बाईच्या बाजूनं बोलली म्हणून काही दिवस तो तिच्या हातचं जेवायचा नाही. धोंडाबाईनं ताट त्याच्या बाजेजवळ ठेवायचं आणि निघून जायचं, असं चालवलं. भूक लागल्यावर तो जेवायचा.

पाऊस उघडल्यावर खळं चिखलानं भरलं होतं. सरुबाईची पाळी आली. तिला आधी खळं पुन्हा चोपून सारवावं लागणार होतं. ती सकाळी शेणाची पाटी घेऊन गेली तर तिथं धोंडाबाई आधीच बसलेली, कोपरापर्यंत हात शेणानं भरलेले. अर्धं खळं सारवून झालं होतं. सरुबाई दुसऱ्या कडेला बसली आणि सारवू लागली. घरातून महिपतीच्या हाका ऐकू येत होत्या, मग शिव्या.

"बोलावतायत तुला," सरुबाई म्हणाली.

"ओरडू द्या," धोंडाबाई म्हणाली. "पाय बरा झाला म्हंजे येतील आपले आपण." आणि तिनं आपल्या पाटीतलं थोडं शेण सरुबाईच्या बाजूला सरकवलं, कारण सरुबाईचं संपत आलं होतं.